शेवटच्या फेरीच्या आधी

उद्या गुहागर. परवा काही नाही.
तेरवा रत्नागिरी, आणि रविवारी मालवण.
तारखा मी आंब्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवल्यात,
इथे कागद दमतो.
सीट एकोणीस, पैसे आले सतरांचे.
राहिलेले दोघे कोण ते लिहीत नाही,
पुठ्ठा सगळ्यांच्या हातात फिरतो.

बँडचं नाव करक.
करक म्हणजे त्यांच्याकडची होडी,
लाकडाच्या बरगड्या, वरून बैलाचं कातडं.
हे ऐकल्यापासून याकूबचाचा गप्प होते,
हर्णैपासून दाभोळपर्यंत चकार शब्द नाही.
उतरताना म्हणाले,
"तेल कसलं लावतात तिला?"

गाता येणारं आमच्यात कुणी नाही.
शेवंता पावसे पाजपंढरीला म्हावरं सुकवते,
पत्र्याची शिट्टी ती मुलाच्या मोबाइलवर ऐकून शिकली,
एका हाताने कावळे हाकलत.
दुसऱ्या हाताने तीनच भोकं झाकता येतात,
म्हणून तिची निम्मी गाणी निम्मीच आहेत.
ग्रेगरी डिमेलो तारखात्यातून निवृत्त.
मोराग व्हायोलिनवर धावायला लागली
की हा मांडीवर मोजतो, सहा, सहा, सहा,
आणि सांगतो, हा आपला दादराच.
ती म्हणते, जिग.
वाद दापोलीत चहाला सुरू झाला,
तो दोन भाषांत, दोन मांड्यांवर, अजून चालू आहे.

दाभोळच्या जेट्टीवर मात्र
फेरीबोटीत जागा एका गाडीची, आणि गाड्या आमच्या दोन.
वाद्यं आधी जाऊ देत, मी म्हटलं,
आणि मागाहून आठवलं की आमचे डबेही
वाद्यांच्याच गाडीत आहेत.
फळी उचलली गेली.
काळ्या पेट्यांवर बसून ते पाच जण
हात हलवत लहान होत गेले.
पाणी ओसरत होतं.
पुढची बोट कधी, असं विचारलं तर
तिकीटवाल्याने खाडीकडे बघितलं, घड्याळाकडे नाही.

अंधार पडायला आला तेव्हा
धोपाव्याच्या बाजूने काहीतरी आलं.
आधी वाटलं, ट्रॉलरचं इंजिन.
मग कळलं, ती पिशवी,
लोहाराच्या भात्यासारखी कोपराने दाबायची.
वारा तिकडचा होता, तरी सगळं पोचत नव्हतं.
वरचे सूर मध्येच कुठेतरी पाण्यात पडत होते,
येत होता फक्त खालचा, न तुटणारा, एकच.
ढोलकं सैलच ऐकू आलं,
आमच्या हवेत त्यांच्या बकऱ्याचं कातडं पार लोळतं.
मघाशी चहावाल्या हारिसच्या शेगडीवर
ते पोरगं पापडासारखं शेकत बसलं होतं.

उद्याच्या मैदानात स्पीकर असतील,
खुर्च्या असतील, आमदारांचा भाचा असेल.
हे आजचं कुणासाठी होतं कोण जाणे.
भुकेल्या माणसांसाठी असावं.
एकोणीस जण धक्क्यावर ओळीने बसलो,
पाय खाली सोडून, गळ न टाकता.

तेव्हा शेवंताने पिशवीतून शिट्टी काढली,
पदराने पुसली, परत ठेवली, परत काढली.
आज हाकलायला कावळे नव्हते.
दोन्ही हातांनी धरून
तिने पहिल्यांदा अख्खं गाणं वाजवलं.
ग्रेगरीने मोजलं नाही.

बोट आली. तिच्यावरच्या पोराला मी विचारलं,
तिकडे आमचं ऐकू येत होतं का रे?
"काय नाय," तो दोर फेकत म्हणाला,
"वारा उलटा."
"बरा झाला," शेवंता म्हणाली,
"दोन ठिकाणी चुकली मी."

गाडी फळीवर चढताना
मागच्या सीटवरून एक पाचशेची नोट
न बोलता हातोहात पुढे आली.
पुठ्ठ्यावर मी सतराचे अठरा केले.
याकूबचाचा काळोखातच, स्वतःशी म्हणाले,
"मुशीच्या काळजाचं चालेल."