दोन बोटं सैल

केटाच्या खाजणाकाठी, मिठाच्या ढिगांना लागून
आम्ही टेबल मांडलं:
वजनकाटा, उंचीची दांडी, प्लास्टिकची टेप,
आणि दंडाला गुंडाळायचा निळा पट्टा.
काम साधं होतं. कंबर मोजायची, उंची मोजायची,
कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली
की नावापुढे लाल टिंब.
टिंबवाल्यांचा रक्तदाब आज ना उद्या चढणार
असं आमचा तक्ता सांगे.
आधी टेप. पट्टा नंतर.

माणसं लाजत, पोटं आत ओढत.
कांद्याच्या वाफ्यातून थेट आलेला आग्बेको
इतका वेळ श्वास रोखून उभा राहिला
की शेवटी म्हणाले, सोड बाबा,
पाण्याखाली नाहीयेस तू.

तिसऱ्या दिवशी टेपेवरचे आकडे उडाले.
खारा वारा, घाम, शंभर कमरा.
चाळिसाच्या पुढे नुसता पांढरा पट्टा उरला,
आणि नेमकी तिथेच गरज.

म्हणून मी झिगबोर्दीच्या हिरव्या पत्र्याच्या खोपटात गेले.
बाई शिवणयंत्रावर वाकलेली,
पायाखाली फळी हलतेय, शेजारी ताटलीत
खारवलेल्या माशाचा अर्धा तुकडा.
तिने गळ्यातली टेप काढून दिली,
पिवळी, कापडी, कडा झिजलेली,
तिला शिवण शिकवणाऱ्या म्हातारीची.
काय मोजतेस म्हणाली. सांगितलं.
हसली, आणि फडताळातून वह्या काढल्या.
बावीस वर्षांच्या.

सित्सोफे: लग्नाचा काबा, अठ्ठावीस.
मुलाच्या नाव ठेवण्याचा, बत्तीस.
चर्चच्या वर्धापनाचा, सदतीस.
भावाच्या मयतीचा, एक्केचाळीस.
पान उलटलं. तिथे सित्सोफे नव्हती.
तिच्या तीन मुलींची मापं होती,
एकाच दिवसाची, एकाच कापडाची,
काळं, तांबड्या काठाचं.

तुझा तक्ता माझ्याकडे कधीचा आहे गं, झिगबोर्दी म्हणाली.
पण मला वाटायचं, बाई सुखावली, अंग धरलंय.
मी शिवण उसवायची, दोन बोटं सैल सोडायची,
पुढच्या वर्षीसाठी कापड आत दुमडून ठेवायची.
मापात पाप नाही केलं कधी.
ती बोलता बोलता थांबली.
यंत्राची फळी मात्र थोडा वेळ हलत राहिली.

तिचंही माप घेतलं मी, तिच्याच टेपेने.
सव्वीस. उंची पाच फूट चार.
नावापुढे टिंब नाही. वाळल्या लाकडासारखी बाई,
तक्त्याच्या हिशेबी खुशाल जगावी ऐंशी वर्षं.
नियम म्हणून पट्टा बांधला,
आत दोन बोटं सरकतात ना, पाहिलं.
एकशे अठ्ठ्याऐंशी. एकशे दहा.
पाच मिनिटं गप्प बसवलं. पुन्हा तेच.
दुसरा हात. तेच.

डोकं दुखतं का? दुखतं की,
बारीक टाके घालणाऱ्या कुणाचं दुखत नाही?

बावीस वर्षांच्या वह्यांत तिचं स्वतःचं पान नव्हतं.
तिने पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलं,
झिगबोर्दी, १८८,
आणि पेन्सिल तशीच धरून विचारलं, इंच?

उद्या सकाळी दवाखान्यात ये, म्हटलं.
उद्या नाही. क्लुत्सेंकडचे नऊ काबे द्यायचेत.
काळे?
लग्नाचे गं बाई, ती म्हणाली, निळे. परवा बघू.

परवा बघू हे मी या किनाऱ्यावर
फार जणांकडून ऐकलंय.
तिच्याकडे दुसरी टेप होती, प्लास्टिकची,
काम अडणार नव्हतं.
म्हातारीची पिवळी टेप गुंडाळून
मी माझ्या पिशवीत टाकली
आणि दारातून ओरडून सांगितलं,
दवाखान्यात ठेवते, खिडकी क्रमांक दोन,
स्वतः येऊन घेऊन जा.