दोन हजार दोनशे सव्वीस

लाखांदूरच्या कॉलेजात यंत्र आलं
ते नागपुरात बारा वर्षं वापरून झालेलं,
धानाच्या पोत्यांमध्ये बसून, टेम्पोत.
उईके मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला,
म्हणाले, ताप नाही.
मामा, हे यंत्र तापच तर पाहतं,
तांबड्याच्या पलीकडचा,
जो डोळ्याला दिसत नाही.

माझा नमुना म्हणजे दोन चकत्यांमधली साय.
पॉलिमरमध्ये अडकलेले द्रव स्फटिकाचे थेंब,
अर्धे पाणी, अर्धी खडीसाखर,
आणि पूर्ण काहीच नाही.
आत रेणू काडीसारखे लांब,
एका टोकाला कार्बन आणि नायट्रोजन
एकमेकांना तीन हातांनी धरून.
त्या पकडीची थरथर आलेखावर उमटते,
दोन हजार दोनशे सव्वीसवर,
एकटी, बारीक, सरळ,
बांधावरची सिंदी.

ध्रुवक उभा केला की सिंदी वाढते,
आडवा केला की खुजी होते.
म्हणजे काड्यांना दिशा आहे.
परीक्षक विचारतील, दिशा म्हणजे नेमकं काय.
मी सूत्र सांगेन.
सांगताना मला सांडव्याजवळची बोटुकली दिसतील:
जागा कुणाचीच ठरलेली नाही,
तोंडं मात्र सगळ्यांची
पाणी येतं तिकडे.

पस्तीस अंशांवर हे मोडतं.
जिथं पुस्तक लिहिलं गेलं
तिथं पस्तीस अंश ही हीटर लावून
अर्ध्या अर्ध्या अंशानं गाठायची गोष्ट असावी.
इथं मे महिन्यात ती
सकाळी साडेनऊला स्वतःच येते,
दार न वाजवता.
उईके मामा चकती उजेडाला धरतात:
म्याडम, तुमचं दूध पानी झालं.

म्हणून मी पहाटे चारला येते.
त्या वेळी लाइट असते,
साय पांढरी असते,
आणि कुत्र्यांखेरीज कुणाला
माझ्या प्रबंधाची काळजी नसते.

एकदा बाबा आले, तलावावरून थेट,
खांद्यावर जाळं, बोटांना शेवाळ.
मी ओरडलेच: हात लावू नका,
या चकत्या मिठाच्या जातीच्या,
एका थेंबात विरघळतील.
त्यांनी धोतराला हात पुसले, तीनदा,
मग पाठीमागे बांधले.
शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले
आणि उघड्या झाकणावर वाकून विचारलं,
का पाहून रायली वो?

जाळ्यात पाणी धरलंय, मी म्हटलं,
ते कसं वागतं ते पाहते.
जाऱ्यात पानी कोन धरते?
जाळ्याची भोकं बंद असतात, बाबा.
प्रत्येक भोकात एक थेंब.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मंग ते जारा नाही, पोरी.
गाबोरी आहे ते.

गाबोळी. मासोळीच्या पोटातली,
चिकट, दाण्यादाण्याची,
प्रत्येक दाण्यात काहीतरी एका दिशेला वळलेलं.
चार वर्षं मी जाळं, जाळं लिहीत होते.

ते निघून गेल्यावर लक्षात आलं,
यंत्र चालूच होतं,
रिकाम्या पेटीची नोंद घेत.
दोन हजार तीनशे एकोणपन्नासवर
जुळ्या टेकड्या उभ्या होत्या, नको तितक्या उंच.
तो कार्बन डायऑक्साइड.
विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी सांगते,
झाकण उघडताना श्वास धरा,
नाहीतर तुम्हीच नमुन्यात येता.

नोंद बाद होती. पुन्हा घेतली,
श्वास धरून, एकटीनं.
बाद झालेली फाइल पुसायची होती,
तेवढ्यात लाइट गेली,
आणि नंतर साडेनऊ वाजले.