रेघेचे किती?

इन्व्हरकार्गिलला, डी स्ट्रीटच्या मागच्या बोळात,
मॉराग मक्रेच्या दुकानी मी कामाला लागले.
पहिल्या दिवशी तिने मला झाडू दिला,
दुसऱ्या दिवशी शब्द.

ब्लीड म्हणजे रक्त नव्हे, म्हणाली.
शाईला कडेबाहेर तीन मिलिमीटर जाऊ द्यायचं.
पातं चुकतंच, ते धरूनच चालायचं.
किस-कट म्हणजे वरचं लेबल कापायचं
आणि खालच्या कागदाला कळू द्यायचं नाही.
ती लेबलांच्या पाठीवरून बोट फिरवायची,
पातं कुठे जास्त बोललं ते सांगायची.

मग वीडिंग, म्हणजे सरळ आपली निंदणीच.
चिकट विनाइलमधून नको ते उपटायचं,
आकड्याने, पाठ मोडेस्तोवर वाकून.
ओचं पोट, आरचं पोट, बीची दोन.
पोटाला म्हणतात काउंटर.
पैसे घ्यायचं तेही काउंटर, त्याच्यावर मांजर.

मधाच्या बरणीचं लेबल लावत होते.
शेवटच्या ओळीत एकच शब्द उरला, एकटा, खाली.
याला विधवा म्हणतात, मॉराग म्हणाली,
वर घे तिला, जागा कर.
डंकनला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.
मी अक्षरं जरा जवळ सारली.
शब्द वर गेला.
तिने चष्मा पुसला आणि पुढचं लेबल मागितलं.

आणि बारकोडच्या दोन्ही अंगांना कोरी सोडतात ती जागा,
तो शांत पट्टा.
तिथे एक ठिपका जरी पडला
तरी यंत्राला पुढचं काही ऐकू येत नाही.

जुलैत, काच धुक्याने आंधळी झालेली असताना,
हुइआ तामती आली.
रुमालात एक पाटी, बोटाएवढी, दोन भोकांची:
मांस गोठवायच्या कारखान्यातल्या कपाटावरची, वडिलांची.
कारखाना पाडला, तेव्हा कुणीतरी काढून ठेवली होती.
पाटीवर तमती.
त्यांच्यात अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ देतात
स्वर लांबवायला. ती नव्हती.

हजेरीला 'तमती' पुकारायचे, ती म्हणाली,
बाबा तिसऱ्या हाकेला ओ द्यायचे.
मुकादमाने वहीत लिहिलं, ऐकायला कमी.
बत्तीस वर्षं.
दोष कानाचा नव्हता,
कान्याचा होता.

मॉरागने पाटी उलटी केली.
मागे सुईने कोरलेली खूण, छोटा मासा.
तिच्या बापाची.
कपाटात त्याचा पितळी अक्षरांचा संच अजून आहे:
सव्वीस अक्षरं, दहा आकडे, पूर्णविराम एक.
रेघ नाही.
मागवता आली असती का, मी विचारलं नाही.
मॉराग शांत पट्टा झाली होती.

नवी करून द्या, हुइआ म्हणाली.
नको, म्हणाली मॉराग, हीच दे.
दोन थरांचं प्लास्टिक असतं, वर काळं, खाली पांढरं.
नाव काही वरून लिहीत नाहीत,
काळं खरवडायचं, पांढरं खाली असतंच.
रेघही होतीच की मग इतकी वर्षं,
झाकलेली.

वरच्या कडेपर्यंत अडीच मिलिमीटर जागा.
तिने यंत्र बंद केलं, हातातली सुई घेतली,
श्वास धरला. आम्ही दोघींनीही.
काळी कुरळी कात निघाली, पापणीच्या केसाएवढी.
मांजराने ती हुंगली.

रेघेचे किती, हुइआने विचारलं.
मॉरागने काहीच सांगितलं नाही.
हुइआने पाच डॉलर मांजराच्या पंज्याखाली सारले
आणि बापाचं नाव मोठ्याने वाचलं, एकदाच,
पहिला स्वर लांब, दाराबाहेर जाईल इतका.

संध्याकाळी वहीत कामाचा प्रकार लिहायचा होता.
शिकलेले सगळे शब्द आठवून पाहिले, एकही बसेना.
मी त्या रकान्यात नुसती रेघ ओढली.
मॉराग मागून बघत होती.
अजून थोडी लांब, म्हणाली.