हैमाचा पंप

रात्री एकला निघायचं ठरलं होतं.
निघालो सकाळी सहाला.
वृंदा म्हणाली, आता भोगा.

मस्कत ते सलाला, हजार किलोमीटर,
मध्ये नुसती पांढरट, सपाट दुपार.
तिथल्या भुरभुरीला इथले लोक खरीफ म्हणतात.
माझ्या वडिलांच्या तोंडी खरीप म्हणजे
बाजरी, मूग, तूर.
आणि मागच्या सीटवर, ओल्या पंचावर पोट टेकून
आमची खारीक,
रंगावरून नाव पडलेली, अकरा वर्षांची,
जीभ बाहेर, नजर आरशातून माझ्यावर.

हैमाला थांबलो तेव्हा दोन वाजले होते.
खारीक दाराशी कुईकुई करू लागली.
शर्वाणी आधी उतरली, शिकवलं होतं तसं
हात उलटा करून डांबरावर ठेवला.
एक, दोन...
तीनच्या आत हात काखेत.
"नाही बाबा. तिला चपला नाहीत."

मग पाळ्या लावल्या.
एकाने चहा प्यायचा, एकाने गाडीत बसायचं,
इंजिन चालू, एसी चालू,
आणि "दोनच मिनिटं" कुणी म्हणायचं नाही.
दोन मिनिटं म्हणजे काय ते मला
सोहारच्या साइटवर कळलंय,
पत्र्याच्या खोलीत, एसी बंद पडला त्या जुलैत.
ते मी शर्वाणीला अजून सांगितलेलं नाही.

पंपामागून बारेक आला, कुमिल्लाचा,
हातात रबरी नळी.
"पहिलं पाणी नको," त्याच्या हिंदीत म्हणाला,
"पहिलं पाणी चहाचं."
ते त्याने वाळूत सोडून दिलं, बराच वेळ.
मला घरचा बंद गिझर आठवला:
या देशात जून लागला की
गार पाणी गरम नळातूनच येतं.

टँकरच्या सावलीत त्याने पोतं भिजवून अंथरलं.
मी खारीकला उचलून नेलं, बावीस किलो.
"पोटाला लाव, पंजांना लाव.
बर्फ नको. घाई नको."
तुला कसं माहीत?
"गावी म्हशी होत्या."

खारीक स्टीलच्या वाटीतून लपलप प्यायली,
मग पोत्यावर आडवी, कान पसरून.
बारेक सावलीच्या बाहेरच उभा.
त्याच्या स्लिपरा डांबराला चिकटून
दर पावलाला चट् वाजत होत्या.
शर्वाणीने ते ऐकलं.
खारीकला ढकलून पोत्यावर जागा केली,
"बसा ना अंकल, इथे गार आहे."
तो हसला. बसला नाही.
पंपावर गाडी आली होती.

ऊन कललं तेव्हा निघालो.
थुमरैतच्या पुढे, उतारावर,
काचेवर धुकं साचलं, वायपर लावावे लागले.
मागे दोघी झोपलेल्या,
एकीचा लालसर हात दुसरीच्या पंजावर.
काच बोटभर खाली केली.
झोपेतच खारीकचं नाक हललं.

"हैमाला आता किती असेल?" वृंदाने विचारलं.
डॅशबोर्डवर चोवीस होते.
मी तेवढंच वाचून दाखवलं.