वार जुळतात

विल्हो गेला त्या हिवाळ्यात साइमीने
नवं कॅलेंडर घेतलं नाही.
पलंगाखालच्या खोक्यात एकसष्टपासूनची सगळी होती,
सुतळीने बांधलेली.
त्यातून पंच्याण्णवचं काढलं, सहकारी दुकानाचं,
वर लाल ट्रॅक्टर,
आणि मला म्हणाली, वार बघ. जुळतात.
एक जानेवारी रविवार, तेव्हाही, यंदाही.
ईस्टरसुद्धा सोळा एप्रिललाच.
मग पैसे कशाला घालवायचे?

मी मंगळवारी आणि शुक्रवारी जायचे.
पायाचं ड्रेसिंग, गोळ्यांचा डबा, रक्तदाब.
कुह्मोपासून चाळीस किलोमीटर, सगळा बर्फ,
आणि नगरपालिकेच्या हिशेबात
एका म्हातारीला पंचवीस मिनिटं.

चौकटी आधीच भरलेल्या होत्या.
१ जानेवारी: आजपासून आपण युरोपात. उणे सव्वीस. पंप गोठला.
७ मे: हॉकीत जगज्जेते. मान्सिक्कीला सांगितलं. ढिम्म.
१२ मे: तळ्यावरचा बर्फ गेला, सकाळी ९.४०.
निळी शाई, ठेंगणं अक्षर.
बोलताना म्हणे वाक्य पुरं करत नसे,
इथे मात्र मिनिटासकट.

ती खाली पेन्सिलीने लिहू लागली.
उणे सव्वीसखाली: उणे चार. पंप विकला.
गाईखाली: गोठा झाडला. कोणासाठी, कोण जाणे.
जूनमध्ये त्याचं होतं, बटाटे लावले, कंबर धरली;
तिथे एकच शब्द: माझीही.

पानं पुढची उलटायची नाहीत, हा तिचा नियम.
महिना आला की महिना.
म्हणून एकोणीस ऑक्टोबर
तिला एकोणीस ऑक्टोबरलाच भेटला:
सा. गोठ्यात रडली. मी दाराशी होतो. विचारलं नाही.

शुक्रवारी गेले तर कॉफी केलेली नव्हती.
त्या चौकटीत पेन्सिल इतकी बारीक, इतकी दाट,
कडेची रेघ ओलांडून शुक्रवारात शिरलेली,
शनिवार गिळून खाली समासात उतरलेली.
बावीस वर्षांनी दिलेलं उत्तर.
मी वाचलं नाही.
चष्मा डोळ्यांवरच होता, तरी.
त्या दिवशी पंचवीसची पन्नास मिनिटं झाली,
नोंदवहीत मी लिहिलं: रस्ता निसरडा.

तीही गेली. पुतण्या खोकं सॉनाच्या चुलीशी घेऊन निघाला होता,
मी एकच मागितलं.
तेवीस साली माझ्या स्वयंपाकघरात टांगलं.
वार जुळले. ईस्टर मात्र आठवडाभर आधी आला,
काळ्या पेनाने बाण काढून मी तो सरकवला.
दंतवैद्य. टायर बदलले. लीसाचा फोन नाही.
जागा कमी पडते, आडवंतिडवं लिहिते.
ऑक्टोबरच्या त्या गुरुवारी काहीच लिहिलं नाही,
वाचलंही नाही अजून.

यानंतर वार जुळतील ते चौतीस साली.
कॅलेंडर गुंडाळून ठेवलंय. खिळा तसाच आहे भिंतीत,
परवा हलवून बघितला.