बर्फाने आखलेला चौक

कायानीत रात्रभर बर्फ पडला,
आणि पहाटे आउलिक्कीचा फोन:
बर्फाचा नांगर फिरायच्या आत पोच.

चौकात ती आधीच उभी, काखेत खुंट्या,
दिव्याखाली नाकाचा शेंडा लाल.
"बघ," म्हणाली, "चाकांना एवढंच लागतं."
काळ्या दोन-दोन रेघा, वळणावर जरा फाकलेल्या,
बाकी सगळं कोरं.
कोपऱ्यातला तो मोठा पांढरा त्रिकोण
ज्यावर कुणीच गेलं नव्हतं,
आम्हीच ऐसपैस सोडून ठेवला होता
वेगाला पाय पसरायला.

मी फीत धरली. साडेचार मीटर.
बोटं बधिर, वहीत आकडे वाकडे.

मग दिसली एक निराळी खूण:
दोन बारीक पट्ट्या, मध्ये बुटांचे ठसे,
कुणा म्हाताऱ्याची पायाने रेटायची घसरगाडी
बेकरीकडे निघालेली.
रस्त्याच्या ऐन मध्यावर ठसे दाटले होते,
जागच्या जागी, आठ-दहा.
इथे तो अडकला होता. दोन्हीकडून गाड्या,
आणि आधाराला रंगाची एक रेघ,
तीही बर्फाखाली.

आउलिक्की काही बोलली नाही.
त्या ठशांभोवती चार खुंट्या रोवल्या,
एक माणूस मावेल, त्याची घसरगाडी मावेल,
एवढ्याच अंतरावर.

पावणेसातला नांगर आला, पिवळा दिवा फिरवत.
सगळा पुरावा कडेला ढीग होऊन पडला.

आता कार्यालयात विचारतील: बेट तिथेच का?
गणितात बसेल असं उत्तर
माझ्याकडे आहेही.
पण वहीच्या त्या पानावर
आकड्यांच्या जागी तिने काढलेत
बुटांचे तळवे,
टाचा एकमेकींना चिकटलेल्या.