चार इंच कमी

कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या आत, मुस्तनसिरच्या गाळ्यात
ऑइलने काळ्या पडलेल्या गोणपाटावर
मागचा अ‍ॅक्सल आडवा पडलाय.
टेप धरला. ड्रमपासून ड्रमपर्यंत
मूळ मापाहून चार इंच कमी,
दोन्हीकडून दोन-दोन.
कुणीतरी हिशेबाने कापलाय.

माझ्या डॉजला अगदी एवढाच हवा.
रुंद चाकं आत बसतील, मडगार्डला घासणार नाहीत.
पस्तीस हजार, आणि घासाघीस नाही.

पण वेल्ड कोणाचा?
अंगठा फिरवला. डाव्या नळीवर टाके
सुरमईच्या मणक्यासारखे, एकामागे एक.
उजवीकडे हात घाईत गेलाय.
वीज जाणार होती,
की मालक येऊन मागे उभा राहिला?

रॉकेल लावलं, पुसलं, वर खडूची भुकटी.
तडा असेल तर दहा मिनिटांत ओली रेघ उमटते.
मुस्तनसिर नमाजला गेलाय,
गल्ला माझ्या भरवशावर टाकून.

उलट्या टबवर बसून मी पांढऱ्या नळीकडे बघतोय.
घरी सांगितलंय, नुसतं बघून येतो.
ज्या गाडीसाठी हा कापला
तिला तो लागलाच नाही बहुतेक:
स्प्लाइन्स कोऱ्या, एका मैलाची झीज नाही.
पैसे संपले असतील. किंवा माणूस.

दहा मिनिटं झाली.
रेघ नाही.
आणखी पाच देतो.

उमटली असती
तर किती सोपं झालं असतं.